भावाच्या फर्मचं जॉबवर्क: बाजारभावाचा पुरावा की ठराव?

बेळगावच्या उद्यमबागेतली प्रायव्हेट लिमिटेड फाउंड्री, आणि तिच्या मशीनिंगचं जॉबवर्क (बाहेरून करून घेतलेलं काम) संचालकाच्या भावाच्या फर्मकडे. अशा नात्यातल्या (रिलेटेड पार्टी) व्यवहारांना कंपनी कायदा 2013 चं कलम 188 दोन वाटा देतं.

नेहमीचा धंदा आणि बाजारभाव, दोन्ही असेल तर मंजुरी नको. पण पुरावा हवा: त्याच काळातली बाहेरच्या दोन-तीन वर्कशॉपची तारीखवार कोटेशनं. घोळ तुलनेत होतो. एका दरात टूलिंग, वाहतूक धरलेली, दुसऱ्यात नाही. उधारी इथे 90 दिवस, तिथे 30. मग नगाचा दर सारखा दिसूनही बाजारभाव सिद्ध होत नाही.

दुसरी वाट ठरावाची. बोर्डाच्या प्रत्यक्ष बैठकीत. सर्क्युलर फिरवून सह्या चालत नाहीत. रक्कम उलाढालीच्या 10 टक्के वा जास्त असेल तर सभासदांचा साधा ठरावही लागतो. उलाढाल 8 कोटी, तर मर्यादा 80 लाख. ठराव राहिलाच, तर तीन महिन्यांत मंजुरी घ्यावी. व्यवहार संचालक मंडळाच्या अहवालाला जोडायच्या एओसी-2 फॉर्ममध्ये जातो.

दर पक्का तुलनेचा असेल तर पहिली वाट बरी. जेमतेम जुळत असेल तर सरळ ठराव करा.

एएस 18 या लेखामानकाची, हिशेबपत्रकांतली टीप मात्र दोन्हीकडे: नाव, नातं, रक्कम, वर्षअखेरची बाकी. ‘मंजुरी नको म्हणजे टीपही नको’ हा गैरसमज इथे फार.