मुदत उलटलेला निवास परवाना आणि हिरव्या कागदावर काढलेले आठ महिने

जर्मनीत राहणाऱ्या आपल्या लोकांशी निवास परवान्याविषयी बोलणे निघाले, की बहुतेक वेळा चर्चा पहिल्या व्हिसाची किंवा कायमस्वरूपी परवान्याची असते. मधल्या काळात कार्डाची मुदत संपली आणि नवे कार्ड हातात आलेले नसले तर काय होते, त्या काळात जो तात्पुरता कागद मिळतो तो रोजच्या जगण्यात कितपत उपयोगी पडतो, याविषयी मला मराठीत सविस्तर असे काही वाचायला मिळाले नव्हते. ८ एप्रिल २०२५ पासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ महिने, मी त्या कागदावर राहिले, नोकरी केली आणि एकदा भारतातही जाऊन आले. त्याचे जर्मन नाव फिक्शन्सबेशायनिगुंग असे लांबलचक आहे. आमच्या घरात त्याला ‘हिरवा कागद’ हेच नाव पडले.

माझ्या कार्डाची मुदत ९ मार्च २०२५ ला संपत होती आणि पारपत्राचीही त्याच दिवशी. हा योगायोग नव्हता. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेमध्ये, परवाना साधारणपणे पारपत्राच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. माझी नोकरी कायमस्वरूपी कराराची होती, त्यामुळे कार्डावरची तारीख ही केवळ पारपत्रामुळे पडलेली तारीख आहे, हे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते पुढचे. पारपत्राच्या नूतनीकरणाचा अर्ज मी जानेवारीत केला, पत्ता बदललेला असल्यामुळे तो रेंगाळला, आणि नवे पारपत्र हाती आल्याशिवाय परवान्याचा अर्ज करताच येत नाही अशी माझी पक्की समजूत असल्याने मी शांतपणे वाट पाहत राहिले. २० मार्चला कंपनीच्या मनुष्यबळ विभागातून नव्या कार्डाची प्रत मागणारा निरोप आला, तेव्हा माझा परवाना संपून अकरा दिवस झाले होते.

ती समजूत चुकीची होती, आणि हे लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे. जर्मनीच्या निवास कायद्यातील, म्हणजे आउफेंटहाल्ट्सगेझेट्समधील, कलम ८१ च्या चौथ्या पोटकलमानुसार जुन्या परवान्याची मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज दाखल झाला असेल, तर कार्यालयाचा निर्णय येईपर्यंत जुना परवाना चालू असल्याचे मानले जाते. भेटीची वेळ, ज्याला इथे सगळेच ‘टर्मिन’ म्हणतात, ती कधी मिळते याला इथे महत्त्व नाही. सर्व कागद जोडलेले आहेत की नाहीत यालाही नाही. महत्त्व आहे ते अर्ज कोणत्या दिवशी पोहोचला याला. पारपत्र नूतनीकरणाला दिल्याची पावती जोडून आणि ‘नवे पारपत्र आल्यावर पाठवीन’ असे एक वाक्य लिहून मी फेब्रुवारीतच अर्ज केला असता, तर पुढचे काहीही घडले नसते.

उशीर झालेल्यांसाठी त्याच पोटकलमात आणखी एक वाक्य आहे. अर्ज उशिरा आला असला, तरी अवाजवी हालअपेष्टा टाळण्यासाठी जुना परवाना चालू राहील असा आदेश कार्यालय देऊ शकते. ‘देऊ शकते’ हे शब्द नीट वाचावेत, कारण हा आपला हक्क नाही. निर्णय त्यांच्या विवेकावर असतो. हे मला सांगितले ते स्थलांतरितांसाठीच्या मोफत सल्ला केंद्रातल्या एका बाईंनी. कारितास, डियाकोनी, आवो यांसारख्या समाजसेवी संस्था सरकारच्या मदतीने अशी केंद्रे जर्मनीभर चालवतात, आणि वकिलाकडे जाण्यापूर्वी तिथे जाणे हा माझ्या मते फार शहाणपणाचा मार्ग आहे. त्यांच्या सल्ल्याने मी त्याच दिवशी, २० मार्चला, नूतनीकरणाचा अर्ज आणि त्यासोबत असा आदेश मागणारे स्वतंत्र पत्र असे दोन्ही ईमेलने पाठवले आणि दुसऱ्या दिवशी तेच नोंदणीकृत टपालानेही पाठवले, जेणेकरून पोहोचल्याचा पुरावा हाती राहावा.

त्या पत्रात मी उशीर किती दिवसांचा आहे, तो कशामुळे झाला, पारपत्राचा अर्ज मुदतीआधी कसा केला होता, नोकरी, घरभाडे, आरोग्यविमा आणि शाळेत जाणारी मुलगी या सगळ्यांवर काय परिणाम होईल, हे क्रमाने लिहिले. मधल्या अकरा दिवसांत मी रोज कामावर गेले होते, हेही लपवले नाही. ते लिहिताना हात थरथरत होता, कारण परवान्याविना राहणे आणि काम करणे ही कायद्याने गंभीर गोष्ट आहे. पण त्या बाईंचे म्हणणे असे होते, की पगाराच्या चिठ्ठ्या अर्जाला जोडाव्याच लागणार असल्याने ते तसेही दिसणारच, तेव्हा आधी आपणच सांगितलेले बरे. मला तो सल्ला आजही योग्य वाटतो.

२० मार्च ते ८ एप्रिल हे दिवस मात्र कठीण गेले. कलम ४अ नुसार कंपनीला परदेशी कर्मचाऱ्याचा परवाना तपासावा लागतो आणि त्याची प्रत नोकरीच्या काळात जपून ठेवावी लागते. चालू परवाना नसेल तर ती काम देऊ शकत नाही. माझ्या वरिष्ठांनी समजूतदारपणा दाखवला, माझी शिल्लक रजा वापरू दिली, पण संगणक आणि प्रवेशपत्र जमा करावे लागले. २ एप्रिलला नवे पारपत्र आले, त्याची प्रत मी तासाभरात पाठवली, आणि ८ एप्रिलला मला बोलावून आदेशाचे पत्र व हिरवा कागद देण्यात आला. शुल्क होते १३ युरो.

आता त्या कागदाविषयी. तो फिकट हिरव्या रंगाचा, घडी घालता येणारा, सहा बाजूंचा कागद असतो. त्यावर नाव, छायाचित्र, कागदाची मुदत आणि शिक्का असतो, आणि आतल्या तिसऱ्या पानावर तीन चौकटी असतात. कागद हातात पडताच खिडकीसमोरून हलण्यापूर्वी पाहायची गोष्ट एकच: फुली कोणत्या चौकटीत आहे. तिसऱ्या चौकटीत फुली असेल, तर कलम ८१ च्या चौथ्या पोटकलमानुसार जुना परवाना त्याच्या सगळ्या अटींसह चालू आहे. म्हणजे नोकरी करता येते आणि पारपत्रासोबत हा कागद दाखवून जर्मनीत परतही येता येते. पहिल्या किंवा दुसऱ्या चौकटीत फुली असेल, तर देशाबाहेर गेल्यावर त्या कागदाच्या आधारे परत येता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याला हा फरक विमानाचे तिकीट काढल्यानंतर कळला आणि ते तिकीट त्याला सोडून द्यावे लागले.

जुन्या कार्डाला जोडलेले छोटे हिरवे पुरवणी पान, झुझात्सब्लाट, कृपा करून टाकून देऊ नये. कामासंबंधीच्या अटी बऱ्याचदा कार्डावर नसून त्या पानावर छापलेल्या असतात. जुना परवाना चालू आहे असे हिरवा कागद सांगतो, पण तो परवाना नेमका कोणत्या कामासाठी होता हे समोरच्याला जुन्या कार्डावरून आणि त्या पानावरूनच कळते. मी आठ महिने जुने कार्ड, पुरवणी पान, हिरवा कागद, आदेशाचे पत्र आणि दोन्ही पारपत्रे एकाच पारदर्शक पिशवीत ठेवत असे.

रोजच्या वापरात हा कागद कसा ठरला? जिथे माणूस कायदा जाणतो तिथे उत्तम. कंपनीने प्रत घेतली आणि त्याच दुपारी मी पुन्हा कामाला लागले. आरोग्यविम्याच्या कंपनीने काही विचारलेही नाही. मुलांसाठीचा भत्ता, किंडरगेल्ड, जो २०२५ मध्ये दर मुलामागे महिना २५५ युरो होता, तो माझ्या नावावर असल्याने थांबला होता. संबंधित कार्यालयाच्या नोंदीत माझ्या परवान्याची शेवटची तारीख होती आणि ती उलटताच पैसे बंद झाले. हिरव्या कागदाची प्रत आणि आदेशाचे पत्र पाठवल्यावर पाच आठवड्यांनी तो मागच्या थकबाकीसह पुन्हा सुरू झाला.

जिथे यंत्र तपासते तिथे मात्र हा कागद जवळजवळ निरुपयोगी आहे. एका बँकेत नवे खाते उघडताना कॅमेऱ्यासमोर ओळख पटवण्याची पद्धत होती. त्या प्रणालीला कार्ड हवे होते, कागद नव्हे, आणि तीन वेळा प्रयत्न करूनही ते जमले नाही. टपाल कार्यालयात पारपत्र दाखवून ओळख पटवण्याचा पर्याय चालला, पण तो मला स्वतःहून मागावा लागला. घर बदलायचे आम्ही पुढे ढकलले, कारण दोन घरमालकांनी सहा महिन्यांच्या मुदतीचा कागद पाहून नम्रपणे नकार दिला. त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. कागदावर छापलेली तारीख ही कागदाची असते, आपल्या राहण्याच्या हक्काची नसते, हे वाचणाऱ्याला कसे कळावे?

जुलैमध्ये वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी मला भारतात जावे लागले. तिसऱ्या चौकटीत फुली असल्याने कायद्याची अडचण नव्हती, तरी मी मुद्दाम थेट विमान निवडले, कारण तिसऱ्या देशात विमान बदलताना तिथल्या माणसाला हा कागद पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगण्याची माझी तयारी नव्हती. जाताना काहीच झाले नाही. परतताना भारतातल्या विमानतळावर विमान कंपनीच्या खिडकीवरच्या मुलीने असा कागद कधी पाहिलेला नव्हता आणि तिच्यासमोरचे माझे कार्ड मुदत संपलेले होते. तिने वरिष्ठांना बोलावले, त्यांनी फोन केले, मी तिसरे पान आणि आदेशाचे पत्र दाखवले. चाळीसेक मिनिटांनी सामानाला चिठ्ठी लागली. मी चार तास आधी पोहोचले होते म्हणून विमान मिळाले. जर्मनीत उतरल्यावर सीमा पोलिसांनी मात्र कागद उलगडून तिसरे पान पाहिले, पारपत्रावर शिक्का मारला आणि मिनिटभरात जाऊ दिले.

मुख्य अर्जाचा प्रवास फार संथ होता. जूनमध्ये त्यांनी ताजी भाडेपावती, तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि विम्याचे प्रमाणपत्र पुन्हा मागितले. मार्चमधले आता जुने झाले होते. त्यानंतर ऑगस्टअखेरपर्यंत शांतता. प्रशासकीय न्यायालयांसंबंधीच्या कायद्याच्या कलम ७५ नुसार अर्ज करून तीन महिने उलटले आणि पुरेशा कारणाविना निर्णय झाला नाही, तर निष्क्रियतेविरुद्ध दावा लावता येतो. दाव्याची वेळ आली नाही. पण सप्टेंबरच्या सुरुवातीला मी त्या कलमाचा सभ्य भाषेत उल्लेख करून पत्र लिहिले आणि दोन आठवड्यांत निर्णय अनुकूल असल्याचे उत्तर आले. दोन्हींत कार्यकारणसंबंध होताच, असे मी म्हणणार नाही. तरी तीन महिने झाल्यावर असे पत्र लिहिण्यात काही गैर नाही, असे माझे मत आहे.

७ ऑक्टोबरला पहिला हिरवा कागद संपत होता. इथे मी दुसऱ्यांदा तीच चूक करणार नव्हते. पाच आठवडे आधी मुदतवाढ मागितली आणि नवा कागद चार दिवस शिल्लक असताना हातात आला. कायद्याने मानलेली परवान्याची मुदत निर्णयापर्यंत चालूच राहते, कागद हा केवळ तिचा पुरावा आहे. पण कंपनीला आणि विमानतळाला पुरावाच लागतो, त्यामुळे त्या पाच आठवड्यांत मी दर सोमवारी विचारणा केली.

ऑक्टोबरच्या शेवटी बोटांचे ठसे द्यायला बोलावले. १ मे २०२५ पासून छायाचित्र डिजिटल स्वरूपातच द्यावे लागते, कागदी फोटो चालत नाही, हे मला माहीत होते म्हणून वेळ वाचला. शेजारच्या रांगेतल्या एका कुटुंबाला फोटोसाठी परत जावे लागले. मुदतवाढीचे शुल्क माझे ९३ युरो आणि मुलीचे त्याच्या निम्मे. तिचे वय सात असल्याने तिलाही ठसे द्यावे लागले. ही अट सहाव्या वर्षापासून लागू होते. तिचा परवाना माझ्या परवान्यावर अवलंबून असल्यामुळे तो माझ्यासोबतच संपला होता, आणि तिच्यासाठी वेगळा अर्ज, वेगळे पत्र आणि वेगळा हिरवा कागद लागला. कुटुंबातल्या प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्र असतो. आईच्या अर्जात मूल आपोआप धरले जात नाही.

कार्डे बर्लिनच्या बुंडेसड्रुकेराय या सरकारी छापखान्यात छापली जातात आणि त्यालाच काही आठवडे जातात. माझे कार्ड आणल्यावर मी नावाची अक्षरे, पारपत्राचा नवा क्रमांक आणि पुरवणी पानावरच्या कामाच्या अटी तिथेच उभी राहून तपासल्या. कायमस्वरूपी परवान्यासाठी माझी वर्षे मोजली जात असल्याने मधल्या अकरा दिवसांची मला काळजी होती. कलम ८५ नुसार कायदेशीर निवासातला एक वर्षापर्यंतचा खंड दुर्लक्षिता येतो, पण तोही विवेकाचाच प्रश्न असल्याने मी आदेशाचे पत्र आणि त्याची तारीख दाखवणारे पाकीट दोन्ही जपून ठेवले आहे.

माझे नवे कार्ड चार वर्षांचे आहे. मुलीचे पारपत्र लहान मुलांच्या नियमाप्रमाणे पाचच वर्षांचे आणि ते २०२८ च्या जूनमध्ये संपते, म्हणून तिचे कार्डही तिथेच संपते. तिच्या पारपत्राचा अर्ज २०२७ च्या डिसेंबरमध्ये आणि परवान्याचा अर्ज, पारपत्र आलेले असो वा नसो, २०२८ च्या मार्चमध्ये, अशा दोन नोंदी मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवल्या आहेत.