मिश्र त्वचेला एकच फेसपॅक की दोन? सोलापूरच्या हवापाण्याचा हिशोब धरून तुलना

कपाळ आणि नाक दुपारच्या आत तेलकट, गाल मात्र ओढल्यासारखे कोरडे. अशा चेहऱ्याला एकच पॅक सरसकट फासला की एक भाग सुधारतो आणि दुसरा बिघडतो. म्हणून भागानुसार वेगळा पॅक लावायची पद्धत आली. ती चांगलीच आहे, पण प्रत्येकाला तिची गरज नसते आणि बाजारात मिळणारे सगळे पॅक तिच्या कामाचेही नसतात.

आधी त्वचा खरंच मिश्र आहे का, ते बघा

सोलापुरात ही पायरी गाळू नका. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून न विरघळणारी साय धरतात. ती नीट धुतली जात नाही, गालांवर बसते आणि त्वचा खरखरीत लागते. मुळात तेलकट असलेल्या चेहऱ्यालाही त्यामुळे आपण ‘मिश्र’ म्हणून बसतो. दोन आठवडे अंगाचा साबण चेहऱ्याला लावू नका, साबणविरहित फेसवॉश वापरा आणि शेवटचा हबका पिण्याच्या पाण्याचा मारा. मग एके दिवशी चेहरा धुऊन, टिपून, काहीही न लावता तासभर थांबा. टिश्यू पेपरचे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालांवर हलके दाबा. पहिल्या तिघांवर तेलाचा डाग आणि गालांचे कागद कोरडे, म्हणजे त्वचा मिश्र. पाचही कागदांवर डाग असेल तर एकच मातीचा पॅक पुरतो. एकाही कागदावर नसेल तर मातीच्या वाटेला जाऊच नका.

एकच पॅक, दोन एकदम, की एकामागून एक?

एकच पॅक लावायचा तर तो फक्त टी-झोनला, म्हणजे कपाळ, नाक आणि हनुवटीला लावावा आणि गालांना धुतल्यावर मॉइश्चरायझर. यात खर्च कमी, वेळ दहा मिनिटं. आमच्या मते निम्म्याहून अधिक लोकांचं काम एवढ्यावर भागतं, कारण गालांच्या पॅकने जे मिळतं त्यातलं बरंचसं चांगलं मॉइश्चरायझर रोज देतच असतं.

एकामागून एक म्हणजे आधी टी-झोनची माती, ती धुवायची, मग ओलसर गालांवर ओलावा देणारा पॅक. गाल लगेच चुरचुरत असतील त्यांनी हीच पद्धत धरावी, कारण माती गालापर्यंत पोचतच नाही. तोटा एवढाच की चेहरा दोनदा धुवावा लागतो, आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात तो हिशोब लागतोच.

दोन्ही एकदम लावले तर एका धुण्यात काम होतं. पण दोन्हींची वेळ सारखी नसते. कोरफडीला पंधरा मिनिटं लागतात, मातीला सहा-आठ. म्हणून गालांना आधी लावा, सात-आठ मिनिटांनी टी-झोनला माती लावा, म्हणजे दोन्ही एकाच वेळी उतरतात. मध्ये बोटभर जागा कोरी सोडा. ती सोडली नाही तर माती शेजारच्या जेलमधलं पाणी ओढून घेते. मग जेल गालावर चिकट पापुद्र्यासारखं सुकतं, आणि माती कडेला ओलीच राहून ओघळते.

टी-झोनला काय?

खरी निवड मुलतानी माती आणि केओलिन, म्हणजे पांढरी माती, यांच्यात आहे. मुलतानी माती तेल जोरात शोषते आणि पाणी पिऊन फुगते. पाणी जाऊ लागलं की आकसते, त्वचा ताणते, आणि पूर्ण सुकू दिली तर तेलाबरोबर त्वचेतला ओलावाही नेते. केओलिन फुगत नाही, शोषतं कमी, त्यामुळे चुकीला माफी जास्त. नाकावर दिवसातून दोन-तीनदा रुमाल फिरवावा लागत असेल, ब्लॅकहेड्स असतील, तर मुलतानी. कपाळ फक्त दुपारनंतर चमकत असेल किंवा पॅक धुतल्यावर तासभर लाली टिकत असेल, तर केओलिन. दोन्ही निम्मं-निम्मं मिसळूनही चालतं, आणि पहिल्यांदा करणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.

बेसन त्यांच्या पंगतीत बसत नाही. बेसन वरवरचं तेल पुसतं आणि चोळून काढताना थोडी मृत त्वचा निघते, एवढंच. ते वाईट नाही, पण त्याला मातीचं काम सांगू नये. कोळशाचा पील-ऑफ मास्क मात्र सरळ टाळा. तो सोलताना नाकावरची लव आणि त्वचेचा वरचा थर ओढला जातो. पापुद्र्यावर जे टोकदार दिसतं आणि ज्याला लोक ब्लॅकहेड समजतात, ते बहुतेक वेळा छिद्रात साठणारं नेहमीचं तेल असतं आणि ते काही दिवसांत परत भरतं. ब्लॅकहेड्स हाच मुख्य त्रास असेल तर २ टक्क्यांपर्यंत सॅलिसिलिक ॲसिड असलेला तयार मास्क मातीपेक्षा उपयोगी, कारण हे ॲसिड तेलात विरघळतं आणि छिद्रात उतरतं. मात्र ज्या दिवशी तो लावाल त्या दिवशी माती नाही.

प्रमाण असं: टी-झोनला चहाचा एक सपाट चमचा पावडर पुरते. वाटीत आधी दीड चमचा पाणी किंवा गुलाबपाणी घ्या, त्यावर पावडर भुरभुरा आणि पाच मिनिटं न ढवळता ठेवा. पावडरवर पाणी ओतलं तर गुठळ्या होतात आणि धूळ नाकात जाते. मिश्रण श्रीखंडाइतकं घट्ट हवं, पातळ झालं तर गालावर ओघळतं. केओलिनला पाणी थोडं कमी लागतं. स्टीलची वाटी चालते, धातूने मातीचा गुण जातो ही समजूत सोडून द्या. लिंबू पिळू नका. त्याच्या रसाने जळजळ होते, आणि तो अंगावर राहून ऊन लागलं तर काळे चट्टे उठू शकतात. खायचा सोडाही नको.

थर दोन मिलिमीटरच्या आत ठेवा. नाकपुडीच्या बाजूची घडी सोडा. नाक तेलकट असलं तरी ती घडी बऱ्याचदा कोरडी असते आणि तिथे सालपटं निघतात. डोळ्यांपासून आणि ओठांपासून बोटभर लांब राहा.

पॅक कधी काढायचा

पाकिटावर ‘पंधरा-वीस मिनिटं, सुकेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. एप्रिल-मेत पारा चाळिशीपार, हवा कोरडी आणि डोक्यावर पंखा असताना तो पॅक सहा मिनिटांत कडक होतो. त्यामुळे घड्याळावर नको, रंगावर जा. कडा फिकट झाल्या पण मधला भाग अजून गडद आहे आणि बोट लावलं तर किंचित चिकटतंय, तेव्हा काढा. भेगा पडल्या म्हणजे उशीर झाला. पंखा बंद करून बसणं जमत नसेल तर मधे एकदा पाण्याचा फवारा मारा. पावसाळ्यात त्याच पॅकला दहा-बारा मिनिटं लागू शकतात.

किती वेळा? उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात टी-झोनला आठवड्यातून एकदा, फारच तेलकट असेल तर दोनदा. डिसेंबर-जानेवारीत पंधरा दिवसांतून एकदा पुरे. जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत दिवसभर धूळ खाल्ली म्हणून त्याच रात्री मुलतानी फासणारे बरेच असतात. थंड कोरड्या वाऱ्याने आधीच सुकलेल्या चेहऱ्याला तेव्हा फेसवॉश आणि मॉइश्चरायझर हवं असतं. धूळ धुतल्याने निघते, त्यासाठी माती लागत नाही.

गालांना काय?

कोरफड, दही-मध आणि शीट मास्क हे तीन पर्याय गंभीरपणे विचारात घेण्यासारखे.

कोरफडीचा गर थंडावा आणि ओलावा देतो, वास नाही, खर्च नाही. पान कापल्यावर ते दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवून पिवळा चीक निथळू द्या, त्याच चिकाने अनेकांना खाज सुटते. गर दोन चमचे, त्यात ग्लिसरीनचे तीन-चार थेंब. ग्लिसरीन गालावर नुसतं लावू नका. कोरड्या हवेत ते खालच्या त्वचेतलंच पाणी वर ओढतं, म्हणून ते नेहमी पाणीदार गोष्टीत मिसळून लावावं आणि धुतल्यावर लगेच मॉइश्चरायझर लावून बंद करावं.

दही-मध, म्हणजे एक चमचा ताजं गोडसर दही आणि अर्धा चमचा मध, गाल नुसते कोरडेच नाहीत तर निस्तेज आणि खरखरीत असतील तेव्हा सरस. दह्यातलं लॅक्टिक ॲसिड अगदी सौम्यपणे मृत पेशी सैल करतं. पण उन्हाळ्यात सकाळचं दही संध्याकाळी आंबट ढाण होतं, ते गालांवर झोंबतं. दह्याच्या नावाखाली ताक लावू नका. साय लावायची सवय घरोघर आहे, पण मिश्र त्वचेला ती शेवटचा पर्याय. गालांच्या कडेला पुरळ उठायची शक्यता तिच्यात जास्त.

शीट मास्क, म्हणजे ओलावा देणाऱ्या द्रवात भिजवलेला चेहऱ्याच्या आकाराचा तयार कागद, महागडा, पण त्याला धुवायला पाणीच लागत नाही. तो आख्खा लावू नका. स्वच्छ कात्रीने कपाळाचा आणि नाकाचा भाग कापा, दोन गालांचे तुकडे लावा, पंधरा मिनिटांत काढा. चेहऱ्यावरच सुकू दिला तर कागद ओलावा परत ओढतो. कापलेला भाग मानेला वापरा. पाकिटावरच्या यादीत अल्कोहोल किंवा मेन्थॉल वरच्या पाच नावांत दिसलं तर गालांसाठी तो घेऊ नका. मातीच्या डब्याचंही तसंच, यादीत एकच घटक असलेली घ्या. नवी पेठेत खरेदीला गेलात तर ‘केशर-चंदन’ लिहिलेला डबा उलटा करून बघा. पहिलं नाव बहुधा मातीचंच असतं, बाकी सुगंध आणि रंग.

तिघांत आमची पसंती कोरफडीला. लग्नकार्याच्या आदल्या दिवशी मात्र नवीन काहीच नको. कानामागे किंवा कोपराच्या आत लावून २४ तास बघितल्याशिवाय कुठलाही पॅक चेहऱ्यावर जाऊ नये, घरगुती असला तरी.

काढताना

माती हबक्यांनी धुवायला गेलात तर तीन-चार तांबे पाणी जातं आणि बेसिनच्या नळीत गाळ बसतो. त्याऐवजी एका तांब्यातल्या कोमट पाण्यात कापड भिजवून मातीवर अर्धा मिनिट दाबून धरा, मऊ झाली की नाकापासून वर आणि बाहेर उचलत पुसा. पुसलेली माती गालावर ओढू नका. वापरलेलं पाणी झाडांना घाला.

कापड कोणतं? आपल्या गावचा टर्किश टॉवेल अंग पुसायला उत्तम, पण त्याच्या फासांनी भिजलेली माती त्वचेवर घासली जाते आणि बारीक वाळू असेल तर ओरखडे उठतात. जुन्या सुती साडीचा किंवा मलमलचा हातभर तुकडा यासाठी वेगळा ठेवा आणि दर वेळी धुऊन उन्हात वाळवा. टॉवेल शेवटी फक्त टिपायला. तोही नवा कोरा असेल तर आधी दोनदा धुवून घ्या, खळ आणि जादा रंग जाऊ द्या.

उरलेलं ओलं मिश्रण फ्रीजमध्ये ठेवू नका, त्यात जंतू वाढतात. कोरडी पावडर झाकणाच्या बरणीत, ओला चमचा न घालता, बरेच महिने टिकते.

रात्री रेटिनॉइडचं, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गटातलं, मलम लावणाऱ्यांनी पॅकच्या आदल्या आणि त्या रात्री ते बंद ठेवावं, आणि मलम डॉक्टरांनी दिलं असेल तर आधी त्यांनाच विचारावं. गालांवर वांग असेल तर चोळणं आणि गरम वाफ दोन्ही बंद, कारण त्याने वांग गडद होतं. पिकलेले, दुखणारे फोड असतील, किंवा गाल कोरडे नसून लाल आणि सालपटं सुटलेले असतील, तर हा पॅकचा विषय उरत नाही. सिव्हिलच्या त्वचारोग ओपीडीत किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे दाखवा, आणि जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि डबे पिशवीत घालून न्या, विशेषतः गोरेपणासाठी म्हणून कुणी दिलेली बिनलेबलची क्रीम.