मे महिन्यात भिंतीतून जाणारी गाडी: ८९ रुपयांचा गेम, नऊ महिन्यांनंतर

एप्रिलमध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये हा कार रेसिंगचा गेम ८९ रुपयांना घेतला. आमच्या सोलापुरात सात रस्ता चौकात दोघांनी भजी-चहा घेतला तरी तेवढे उडतात, म्हणून फार विचार केला नाही. नाव लिहीत नाही. शेवटी जी नावं वर सरकत जातात त्यात माणसं चारच आहेत, आणि पुढे मी त्यांच्या कामाची बरीच सालं काढणार आहे.

लॅपटॉप २०१७ चा, रॅम ८ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. बॅटरी केव्हाच मेलीय, चार्जर काढला की लॅपटॉप बंद. हे आधीच सांगून ठेवतो, कारण खालच्या निम्म्या तक्रारी गेमच्या आहेत आणि निम्म्या या डबड्याच्या.

दोन तासांच्या आत खेळून झालं असेल आणि घेऊन चौदा दिवस उलटले नसतील तर स्टीमवर पैसे परत मिळतात. माझा एक तास चाळीस मिनिटं खेळून झाला होता तेव्हा मी पैसे परत मागायचं पान उघडून बसलो होतो. पावसाच्या ट्रॅकवर पाऊस छत फोडून थेट ड्रायव्हरच्या सीटवर पडतो. प्रेक्षकांत माणूस एकच, निळा शर्ट, उजवा हात वर, तोच शे-दोनशे वेळा उभा केलेला. इंजिनाचा आवाज तर असा, की बायकोने आतून विचारलं, "मिक्सर कोणी चालू ठेवलाय?" ते पान तसंच ठेवून अजून एक रेस लावली, मग अजून एक, आणि दोन तास उलटून गेले.

गाडी आडवी घालायला काय मजा येते ते लिहून सांगता येणार नाही, तरी सांगतो. हँडब्रेक दाबला की मागची चाकं किती सुटणार, हे दुसऱ्याच दिवशी बोटांना कळायला लागतं. वळणाच्या आधी जरा उलट्या बाजूला झोल द्यायचा, मग आत घालायची. गाडी ऐकते. आणि चुकलं की एक बटण दाबायचं, गाडी परत सुरुवातीच्या रेषेवर. लोडिंग नाही, जाहिरात नाही, मधे कुणी बोलत नाही. मोठ्या गेममध्ये तेवढ्या वेळात कंपन्यांचे लोगोसुद्धा संपत नाहीत.

मी टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. आमच्याकडे धागा सुटलेला, किनार वाकडी गेलेला माल 'सेकंड' म्हणून बाजूला निघतो. बहुतेक सेकंड अंग पुसायला फर्स्टइतकेच चांगले असतात. काही मात्र पाणीच पीत नाहीत. रेसिंग गेममध्ये त्या दुसऱ्या जातीचा नमुना म्हणजे २००३ चा 'बिग रिग्स'. त्यात समोरचा ट्रक जागचा हलायचा नाही, आपला ट्रक इमारतींतून आरपार जायचा, रिव्हर्समध्ये वेगाला मर्यादाच नव्हती, आणि जिंकल्यावर मोडक्या इंग्रजीत 'YOU'RE WINNER !' असं यायचं. माझा गेम तसला नाही. हा पाणी पितो.

आता शिव्या. समोरच्या गाड्या रबराला बांधलेल्या आहेत. तुम्ही मागे पडलात की त्या रेंगाळतात, पुढे गेलात की कुठूनही येऊन मागे चिकटतात. ही युक्ती नावाजलेल्या गेममध्येही असते, पण तिथे जरा लाज राखून केलेली असते. इलाज सोपा आहे: शेवटच्या वळणापर्यंत मुद्दाम दुसऱ्या नंबरावर राहायचं.

याहून वाईट म्हणजे सेव्ह. जूनमध्ये वादळात लाइट गेली तेव्हा गेम नेमका सेव्ह करत होता. परत चालू केलं तर २३ रेसची कमाई साफ, पहिली खटारा गाडी दारात उभी. नवी माहिती वेगळ्या फाइलमध्ये पूर्ण लिहून झाल्यावरच जुनी फाइल बदलायची, एवढं केलं असतं तर हे टळलं असतं. इथे जुन्या फाइलवरच लिहितात, मग अर्ध्यात लाइट गेली की दोन्ही गेलं. तेव्हापासून दर रविवारी सेव्हचं फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकतो, पाण्याची टाकी भरून ठेवावी तसं.

एका बाबतीत मात्र मी गेमला उगाच बोललो. एकाच कीबोर्डवर दोघं खेळता येतं, पडदा मधोमध कापून. पण भाच्याने ॲक्सिलरेटर आणि डावं दाबून धरलं की माझी गाडी वळायचीच नाही. महिनाभर गेमच्या नावाने ओरडत होतो. एक दिवस कोरं पान उघडून दोघांनी त्याच कळा एकदम दाबल्या, तर तिथेही माझं अक्षर उमटेना. स्वस्तातल्या कीबोर्डला ठरावीक तीन-चार कळा एकदम दाबलेल्या कळत नाहीत. माझ्या कळा बदलून घेतल्या, भांडण मिटलं.

मोठं भांडण भिंतीवरून झालं.

भाचा बार्शीहून मेच्या सुट्टीला आला होता, आठवीतला. बाहेर ४३ डिग्री, त्यामुळे दुपारभर घरात कोंडलेला. तिसऱ्या ट्रॅकवर लांब सरळ रस्त्यानंतर एक वळण आहे, समोर सिमेंटचा कठडा. एका दुपारी तो किंचाळला, "मामा, गाडी आरपार गेली की ओ!" कठड्यापलीकडे ट्रॅकचाच पुढचा भाग येतो, म्हणजे पंधरा-सोळा सेकंदांची कमाई. सुट्टी संपेपर्यंत त्याने १ मिनिट ५२ सेकंदांचा रेकॉर्ड लावला. माझा सरळमार्गी रेकॉर्ड २ मिनिटं ९ सेकंद. ही चीटिंग आहे असं मी म्हणालो. बायकोने निकाल दिला, "दोघांनाही सारखाच कठडा होता ना?"

तो गेल्यावर मी जुलैत रोज रात्री जेवण झालं की त्या कठड्यावर डोकं आपटायचो. शंभरदा तरी आपटलो असेन, एकदाही आत गेलो नाही. मग कोपऱ्यात फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात त्याचा, आकडा चालू करून बघितला, तेव्हा ट्यूब पेटली.

गेममधली गाडी सलग पळत नाही. दर फ्रेमला तिला थोडं पुढे ठेवतात आणि बघतात, कुठे घुसली का. घुसली असेल तर जी बाजू जवळ, तिकडे ढकलायचं. त्या सरळ रस्त्यावर वेग ताशी २१६ किलोमीटरला पोचतो, म्हणजे सेकंदाला ६० मीटर. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर एका फ्रेमला एक मीटर, कठड्यात नाक घुसतं आणि गाडी मागे फेकली जाते. पण मेच्या दुपारी लॅपटॉप इतका तापतो की जीव वाचवायला प्रोसेसर स्वतःच हळू होतो, आणि फ्रेम २० वर येतात. मग एका फ्रेमला तीन मीटर. गाडी चार मीटरची. कधी कधी पुढच्या तपासणीलाच ती निम्म्याहून जास्त पलीकडे सापडते, आणि गेम बिचारा तिला जवळच्या बाजूला, म्हणजे पलीकडेच, ढकलून देतो. हिशेबाने तीनात एकदा हे व्हायला हवं, आणि भाच्याचंही साधारण तेच प्रमाण होतं. रात्री मला ३५ च्या आसपास फ्रेम मिळत होत्या. एका फ्रेमला दोन मीटरही नाहीत. जन्मात जमलं नसतं.

फ्रेमवर खेळ टांगण्याची चूक मोठ्यांच्या घरीही झालीय. २०१३ च्या 'नीड फॉर स्पीड रायव्हल्स'मध्ये ३० फ्रेमची मर्यादा जबरदस्तीने ६० केली की सगळा खेळच दुप्पट वेगाने पळायचा. पण उन्हाळ्यात दुपारीच उघडणारा शॉर्टकट मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिला नाही. थोडक्यात, माझ्या घरातला हा रेकॉर्ड मार्चपर्यंत सुरक्षित आहे.

घ्यावा का? जुना लॅपटॉप असेल, घरात एखादं पोर असेल आणि सेल असेल तर घ्या. पूर्ण किमतीला नको. ऑनलाइन खेळायच्या आशेने तर अजिबात नको, नऊ महिन्यांत मला तिथे एकही माणूस भेटला नाही.

परवा भाचा गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, आला. होम मैदानावर दिवसभर हिंडून, हातात भेळेचा कागद तसाच धरून लॅपटॉपपाशी बसला. त्याला १ मिनिट ५० च्या खाली जायचं होतं. फ्रेमचं गणित मी त्याला फोनवर सांगून बसलो होतो, ती माझीच चूक. त्याने कपाटातली जाड चादर काढली, चौघडी केली, लॅपटॉप तिच्यावर ठेवला आणि बाजूची जाळी कडेने नीट झाकून टाकली. (असलं काही करू नका. मीही दहा मिनिटांनी चादर काढायला लावली.) आकडा ३४ वरून ३३ झाला, मग ३१, आणि तिथेच अडकला. गाडी सात वेळा कठड्यावर आपटून मागे आली.

"मामा," भाचा म्हणाला, "घरात हीटर हाय का ओ?"