फ्लोराइडसाठी घेतलेला नॅनो-ऑक्साइड फिल्टर: पावसाळा संपताना घेतला, आता उन्हाळा आलाय

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या पट्ट्यात. इथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे हे कुणाला सांगावं लागत नाही, शाळेतल्या पोरांच्या दातांवरचे तपकिरी पट्टे बघितले की कळतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. आमच्या बोअरचा प्रयोगशाळेतून आलेला आकडा ३ च्या वर होता.

उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं. यूव्ही आणि कँडलचाही उपयोग नाही. आरओने जातं, पण आरओ बरंचसं पाणी मोरीत सोडून देतं. एप्रिलमध्ये एकेका गुंडभर पाण्यासाठी रांग लागते, तिथे हे कसं परवडणार? त्यात लाइट गेली की तेही बंद.

हा फिल्टर म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन डबे आणि मधे दाण्यांनी भरलेली नळी. वीज लागत नाही. दाणे ॲल्युमिनाचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे, आणि त्यांच्यावर लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण बसवलेले. नॅनो म्हटलं की मोजमाप मीटरच्या अब्जाव्या भागात. कण जितके बारीक, तितकी तेवढ्याच वजनात फ्लोराइडला चिकटायला जागा जास्त. नुसत्या सक्रिय ॲल्युमिनाच्या एका ग्रॅमलाही सूक्ष्म छिद्रांमुळे २०० चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग मिळतो. मग नुसती भुकटीच पाण्यात का टाकत नाहीत? ती लवकर खाली बसत नाही, गाळूनही निघत नाही, आणि शेवटी आपल्याच पोटात जाईल. म्हणून कण दाण्यावर पक्के बसवावे लागतात.

सुरुवातीला पाणी पांढुरकं येतं. दाणे घासले जाऊन सुटलेली पूड असते ती. पाणी नितळ येईपर्यंत सगळं झाडांना घालायचं. धार बारीक आहे, रात्री भरून ठेवलं की सकाळी प्यायला आणि स्वयंपाकाला पुरतं. स्वयंपाकालाही हेच पाणी घ्या, कारण वरणभातातूनही फ्लोराइड पोटात जातंच. चहाच्या पत्तीत तर ते मुळातच असतं.

आता मुख्य गोष्ट. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, या प्रमाणात चवही लागत नाही. दाणे भरून गेले तरी पाणी पहिल्या दिवसासारखंच नितळ आणि गोड लागतं. म्हणून मी सोबत तपासणीची छोटी किट घेतली. परीक्षानळीत पाणी घ्यायचं आणि थेंब टाकायचे. फ्लोराइड नसेल तर रंग गुलाबी राहतो, जसजसं वाढेल तसा तो नारिंगी होत पिवळ्याकडे जातो. बोअरचं पाणी पहिल्यापासून पिवळं, फिल्टरचं स्वच्छ गुलाबी. थंडीभर तसंच राहिलं. होळीच्या सुमाराला गुलाबीत पिवळी झाक दिसली. दाणे जितके लिटर टिकतील असं डब्यावर लिहिलंय, त्याच्या निम्म्याच्या आसपासच पाणी तोवर गेलं होतं.

हे का होतं ते समजून घ्या, कारण डब्यावर ते लिहिलेलं नसतं. दाण्यांच्या पृष्ठभागावरचा हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी) निघतो आणि त्याच्या जागी फ्लोराइड बसतं. पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) ५.५ ते ६ च्या दरम्यान असेल तर हे उत्तम चालतं. पण फ्लोराइडवालं भूजल बहुधा अल्कधर्मी असतं, त्यात बायकार्बोनेट भरपूर आणि कॅल्शियम कमी. अशा पाण्यात हायड्रॉक्सिल आणि बायकार्बोनेट त्याच जागांसाठी भांडतात, आणि दाणे लवकर भरतात. कंपनीचा आकडा कुठल्या पाण्यावर काढलाय हे विक्रेत्याला विचारलं तर त्याला सांगता आलं नाही. याचा मला खरंच राग आला. ज्या घरात किट नाही, ते घर डब्यावरच्या आकड्यावर विसंबून पुन्हा फ्लोराइड पीत बसेल.

भरलेले दाणे कॉस्टिक सोड्याने आणि मग पातळ आम्लाने धुऊन परत वापरता येतात. पण ते घरी करायचं काम नाही, आणि धुतलेल्या पाण्यात सगळं फ्लोराइड एकवटलेलं असतं. विक्रेता दाणे बदलून देतो, जुने घेऊन जातो. ते पुढे कुठे धुतात आणि ते पाणी कुठे सोडतात, याचं नीट उत्तर मिळेपर्यंत मी विचारत राहणार आहे. ते एखाद्या नाल्यात गेलं तर फिरून आपल्याच विहिरींत येणार.

जंतूंवर याच्या भरवशावर राहू नका. आम्ही गाळलेल्या पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकतो. आधी क्लोरीन आणि मग फिल्टर, असं करू नका. गाळल्यानंतर खालच्या डब्यात पुन्हा जंतू वाढायला वाव राहतो.

दातांवर आलेले डाग याने जात नाहीत. पण थोरल्याचे पक्के दात डागाळले ते डागाळले, धाकटी तीन वर्षांची आहे. तिचे पक्के दात आत्ता हिरड्यांच्या आत तयार होताहेत, आणि याच वयात फ्लोराइड त्यांना बाधतं. तिच्यासाठी म्हणून मी हा फिल्टर पुन्हा घेईन.

घ्यायचा असेल तर आधी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. फ्लोराइडसोबत सामू आणि अल्कता (मुख्यतः बायकार्बोनेटचं प्रमाण) मागा. सामू ८ च्या वर असेल तर डब्यावरचा आकडा निम्मा धरून चला, आणि दाण्यांच्या दुसऱ्या नळीची किंमत खरेदीच्या वेळीच ठरवून घ्या.