जुन्या इंग्लिश पॅरिशचा माग काढताना आधी काय उघडावं?

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या अखत्यारीतला भाग. सॅडलवर्थ हे गाव १९७४ पर्यंत यॉर्कशायर काउंटीच्या वेस्ट रायडिंग या विभागात होतं. चर्चच्या हिशेबात मात्र ते शतकानुशतकं शेजारच्या लँकशायरमधल्या रॉचडेल पॅरिशमध्ये मोडायचं. आता ते ग्रेटर मँचेस्टरमधल्या ओल्डहॅममध्ये आहे. साधनं पारखायला असंच अडचणीचं गाव बरं.

सर्वांत सोपा फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवरचा १८५१ चा नकाशा. गाव निवडलं की काउंटी, पुअर लॉ युनियन (गरिबांच्या मदतीसाठी केलेला पॅरिशचा गट), डायोसिस (बिशपचा प्रांत), मृत्युपत्रांचं कोर्ट, सगळं एका जागी दिसतं. पूर्वजांच्या बाप्तिस्म्याची नोंद कुठे हुडकायची एवढंच हवं असेल, तर याच्यापुढे जायची गरज नाही. पण त्यात दिसतं ते फक्त १८५१ साल, आणि खरी उलथापालथ झाली १८६६ मध्ये. ज्या जागेचा गरीब-कर (गरिबांच्या मदतीसाठीचा स्थानिक कर) वेगळा वसूल होतो ती पॅरिश, असं त्या वर्षीच्या कायद्यानं ठरवलं. उत्तरेतल्या कितीतरी टाउनशिप (मोठ्या पॅरिशमधले छोटे विभाग) १६६२ च्या कायद्याच्या आधारे आपापले गरीब स्वतःच पोसत होत्या; त्या सगळ्या एका फटक्यात सिव्हिल पॅरिश (सरकारी कारभाराच्या, चर्चच्या नव्हे) झाल्या, सॅडलवर्थसुद्धा. चर्चच्या पॅरिशना या कायद्यानं हात लावला नाही. बहुतेकांचा घोळ इथेच होतो.

हे बदल तारखांसकट हवे असतील तर फ्रेडरिक यंग्ज यांचा दोन खंडांचा संदर्भग्रंथ (दक्षिण १९७९, उत्तर १९९१), नाहीतर पोर्ट्समथ विद्यापीठाची ‘व्हिजन ऑफ ब्रिटन’ ही वेबसाइट. वेबसाइटचा सांगाडा बराचसा यंग्जवरच उभा आहे. वर १८०१ पासूनची जनगणना आणि नकाशे मिळतात. ग्रंथात गावाची कुंडली एका नोंदीत सापडते, फक्त संक्षेपांचं जंगल पार करावं लागतं. वेबसाइटवर तीच माहिती वेगवेगळ्या पानांवर विखुरलेली असते. दहा-वीस पॅरिश तपासायच्या असतील तर मी ग्रंथच घेईन. पण पुण्या-मुंबईत बसून तो मिळवणं कठीण, तेव्हा एकदोन गावांसाठी वेबसाइट पुरे.

१८९९ मध्ये सुरू झालेली ‘व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी’ ही काउंटीवार इतिहासाची ग्रंथमालिका वाचायला सर्वांत रसाळ: जमीनदाऱ्या, चर्च, गिरण्या, सगळं त्यात येतं. लँकशायर १९१४ पर्यंत पूर्ण झालं, म्हणून रॉचडेल सापडतं. वेस्ट रायडिंगच्या गावांचे खंड मात्र निघालेले नाहीत. त्यामुळे ही मालिका उघडण्याआधी आपली काउंटी तिच्यात आहे का, एवढं बघून घ्या. सॅडलवर्थसाठी मी तिच्या वाटेला जाणार नाही.