विंडोज सोडायचंय: लिनक्स मिंट की मॅक?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेली, धडधाकट चालणारी मशीनही विंडोज ११ साठी अपात्र ठरली. वर्षानुवर्षं विंडोज वापरून वैतागलेल्या काकांनी विचारलं, आता जाऊ कुठे?

खर्चात तुलनाच नाही. मिंट (विंडोजऐवजी टाकता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम) फुकट आहे आणि ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं. मॅक म्हणजे नवं मशीन. मॅकबुकची रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच पुरेशी घ्यावी.

मिंट पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता चालवून बघता येतं. वायफाय, प्रिंटर, स्कॅनर तेव्हाच तपासा. मॅकवर ही खटपट कमी, फक्त कंट्रोल कीऐवजी कमांड कीची सवय लावावी लागते.

युनिकोड (अक्षरांची आजची प्रमाण पद्धत) मराठी दोन्हीकडे उत्तम, इनस्क्रिप्ट कीबोर्डसुद्धा आहे. खरी डोकेदुखी जुन्या फाइलींची. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं पत्र तो फॉन्ट नसताना उघडलं की नुसती भलतीच चिन्हं दिसतात! असा मजकूर विंडोज असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

ब्राउझर, ईमेल, पत्रव्यवहार एवढंच काम असेल तर मिंट. व्हिडिओ एडिटिंग किंवा एमएस ऑफिस हवंच आणि खिसा परवानगी देत असेल तर मॅक. टॅली मात्र दोन्हीकडे थेट चालत नाही. दुकानाचा हिशेब त्यावर असेल तर एक विंडोज मशीन ठेवाच.