अरेनावर तीन रंगांचा ड्राफ्ट: काही महिने खेळल्यावर

मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाचं ॲप, म्हणजे अरेना, मी फोनवर घेतलं ते ड्राफ्टसाठीच. दुसऱ्याचा तयार डेक उतरवून रँक चढण्यात मला रस नाही. ड्राफ्टमध्ये समोर येणाऱ्या पॅकमधून एकेक कार्ड उचलत 40 कार्डांचा डेक उभा करायचा, यात खरी मजा आहे. त्यातही एका डेकमध्ये कार्डांचे तीन रंग जमून आले की आनंद वेगळाच. पण ते कशाने जमतात, याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय: लँडने, म्हणजे बाकीची कार्डं टाकायला लागणारी रंगीत ऊर्जा (माना) देणाऱ्या कार्डांनी. भारी गोल्ड, म्हणजे एकाहून जास्त रंगांच्या कार्डांनी नाही.

गणितच बघा. 40 कार्डांत साधारण 17 लँड. तिसऱ्या रंगाच्या तीनच ठेवल्या, तर दुसऱ्या नंबरने खेळताना पाचव्या टर्नपर्यंत 12 कार्डं पाहून होतात आणि त्यात त्या रंगाची एक तरी लँड असण्याची शक्यता 67 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दर तीन डावांपैकी एकात तिसऱ्या रंगाचं कार्ड हातात पडून राहणार. तीनच्या पाच केल्या की आकडा 85 वर जातो. मात्र साध्या लँड भरून पाच केल्या तर मुख्य रंग उपाशी राहतात. म्हणून दोन रंग देणाऱ्या लँड हव्यात, आणि त्या ड्राफ्टमध्येच उचलाव्या लागतात.

2022 च्या डोमिनेरिया युनायटेड या कार्डसंचात हे फार छान कळतं. त्यात दहाही रंगजोड्यांच्या लँड कॉमन, म्हणजे सहज मिळणाऱ्या आहेत. हॉन्टेड मायर ही स्वॉम्पही (काळा रंग) आणि फॉरेस्टही (हिरवा रंग). येते टॅप होऊन, म्हणजे त्या टर्नला माना देत नाही, पण ज्यांवर ‘डोमेन’ लिहिलेलं असतं ती कार्डं तुमच्या लँडचे मूळ प्रकारच मोजतात. दोन मानाचा निशोबा ब्रॉलर पाचही प्रकार आले की पाच पॉवरचा होतो, वर ट्रॅम्पल, म्हणजे अडवला तरी जास्तीचा मार थेट प्रतिस्पर्ध्याला! तिथे चौथ्या-पाचव्या पिकला मी बरंसं क्रीचर (लढणारं कार्ड) सोडून लँड घेते. गोल्ड कार्डाची घाई करत नाही. दोन रंगांचं कार्ड टेबलावरच्या मोजक्यांच्याच कामाचं. पहिलं पॅक आठ जणांत फिरून नवव्या पिकला परत येतं, तेव्हा ते बऱ्याचदा अजून त्यात असतं.

तिसऱ्या रंगाचं कार्ड घेताना आधी वरचा उजवा कोपरा बघते, तिथे मानाची किंमत असते. त्या रंगाचं एकच चिन्ह हवं, आणि कार्ड उशिरा आलं तरी डाव फिरवणारं हवं. दुसऱ्या टर्नचं क्रीचर स्प्लॅश करण्यात, म्हणजे तिसऱ्या रंगातून घेण्यात अर्थ नाही.

खेळताना लँड आपोआप टॅप होऊ (माना देऊन वापरल्या जाऊ) देऊ नका. एका टर्नमध्ये दोन कार्डं टाकायची असतील तर आधी स्वतः लँडवर बोट ठेवून माना काढा, म्हणजे दुसऱ्या कार्डाला लागणारा रंग शिल्लक राहतो. तीन रंगांत ही सवय लागलीच पाहिजे.

सुरुवात क्विक ड्राफ्टने करा. प्रवेशाला 5000 गोल्ड किंवा 750 जेम्स (ही खेळातली चलनं), पिक करताना बाकी सगळे बॉट, त्यामुळे कार्डं वाचायला हवा तेवढा वेळ. प्रीमियर ड्राफ्टला 10000 गोल्ड किंवा 1500 जेम्स, खरी माणसं आणि घड्याळ. दोन्ही सात विजयांवर किंवा तीन पराभवांवर संपतात.

हे दोन्ही एकेका डावाचे सामने. त्यांत पहिला हात वाटताना अरेना लँडचं प्रमाण थोडं सांभाळून घेतं. ट्रॅडिशनल ड्राफ्टमध्ये, म्हणजे तीनपैकी दोन जिंकायच्या सामन्यांत, तो आधार नाही. तिथे तीन रंग असले की मी सगळ्यात कमजोर क्रीचर काढून 18 वी लँड घालते.